दार कुठल्या अंगाला?

नव्या खोलीच्या भिंती कमरेएवढ्या वर आल्या आणि कोंडाजी आणि सोजराबाई या नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. भांडण दारावरून होतं. खोलीचं दार अंगणाच्या अंगाला असावं, असं कोंडाजीचं म्हणणं. आणि ते रस्त्याच्या अंगाला असावं, असं सोजराबाईचं.

चिंचवड गावठाणाच्या कडेला, पिंपरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिल्यापासून त्या रस्त्यावरची धूळ खाली बसत नव्हती. कुठून कुठून माणसं यायची. सातारा, परभणी, कोकण. ट्रंक डोक्यावर घेऊन दारोदार विचारत फिरायची, "खोली हाय का हो भाड्यानं?" गावातल्या दोघातिघांनी गोठे झाडून भाडेकरू ठेवले होते आणि आता ते चावडीवर बसताना जरा पुढे सरकून बसत. तेव्हा कोंडाजीनेही ठरवलं की स्वयंपाकघराला लागून, रस्त्याच्या बाजूला एक खोली काढायची आणि भाडेकरू ठेवायचा.

"पर दार अंगनात," तो म्हणाला होता. "भाडेकरू आपल्या डोळ्यासमोरनं गेला-आला पायजे. आन् रस्त्याला दुसरं दार काढलं तर लोक म्हनतील, कोंडाजीच्या घराची वाटनी झाली."

सोजराबाईला भाडेकरू नकोच होता. तिला खानावळ घालायची होती. दोन्ही लेकी सासरी गेल्या, घरात दोनच तोंडं उरली, पण तिचा हात काही आवरत नव्हता. सवयीने डालगंभर भाकऱ्या व्हायच्या आणि उरलेल्या म्हशीला जायच्या. म्हैस गुबगुबीत झाली होती आणि सोजराबाई वाळत चालली होती. एकदा पहाटपाळीला निघालेला एक कामगार पाणी मागायला दारात थांबला. तिने पाण्याबरोबर भाकरी दिली. तो उभ्याउभ्या जेवला, हात धुतले आणि "आई, किती दिवसांनी खाल्ली" एवढं बोलून निघून गेला. त्या दिवसापासून खानावळ तिच्या मनात बसली होती.

कोंडाजीला तिने हे सांगितलं, तेव्हा तो पायात काटा मोडल्यासारखा ओरडला होता, "भाकऱ्या इकायच्या? आपल्या घरात? अगं, आपल्या बापजाद्यांनी वाटसराला जेवू घातलं, पर कधी अन्न इकलं न्हाई!"

"मग फुकट घालू का समद्या कारखान्याला?"

यावर कोंडाजीला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की तो गप्प होत असे. तो गप्प झाला म्हणून तीही गप्प झाली आणि मग दोघंही गप्पच राहिली.

आता राहिला तो ठेकेदार. हिंदुराव हा साताऱ्याकडचा माणूस. कारखान्याच्या बांधकामावर मुकादम म्हणून आला होता, ते काम संपल्यावर सायकलला ओळंबा आणि थापी बांधून गावोगाव घरांची कामं घेऊ लागला होता. काम चोख करायचा, माणूस प्रेमळ. त्याच्यात एकच खोट होती. त्याला 'न्हाई' म्हणता येत नसे. त्याच्यासमोर जो शेवटचा बोलेल त्याचं खरं. एकाच दिवशी तो पिंपळे गुरवात एकाचा चौथरा, चिंचवडात दुसऱ्याची न्हाणी आणि आळंदीला तिसऱ्याचं कौलांचं काम सुरू करायचं कबूल करायचा आणि तिन्ही ठिकाणी त्याची वाट बघत माणसं ओट्यावर बसून राहायची. उशिरा का होईना, पण यायचा मात्र. म्हणून त्याच्यावर कुणाला फार वेळ रागावता येत नसे.

अशा माणसासमोर नवरा-बायकोचा अबोला पडला, म्हणजे विहिरीच्या काठावर आंधळा उभा केल्यासारखंच झालं.

सकाळी कोंडाजी मळ्याकडे निघाला की सांगायचा, "हिंदुराव, दार अंगनाकडं."

"ठेवू की."

तो मळ्यात गेला की सोजराबाई पदराला हात पुसत बाहेर यायची. "भावजी, दार रस्त्याकडं हां."

"काढू की, वैनी."

मग अंगणाकडची जागा बुजायची आणि रस्त्याकडे मोकळी व्हायची. संध्याकाळी कोंडाजी यायचा, भिंतीकडे बघायचा, बायकोकडे न बघता हिंदुरावकडे बघायचा आणि म्हणायचा, "हे काय?" दुसऱ्या दिवशी दार पुन्हा फिरायचं. दार असं फिरत असताना बाकीच्या भिंती मात्र वर चढत होत्या. पुरुषभर झाल्या, त्याच्याही वर गेल्या. रस्त्याकडे आडव्या गजांची एक खिडकी बसली. खिडकीबद्दल कुणाचंच भांडण नव्हतं, म्हणून ती एका दिवसात बसली.

शेवटी कोंडाजी वैतागला. त्या दिवशी मंडईला वांगी घेऊन जायचं होतं. बैल जुंपता जुंपता त्याने हिंदुरावला बजावलं, "ते रस्त्याकडचं भगदाड आज कायमचं बुजवून टाका. मी माघारी येईस्तवर तिथं भिंत दिसली पायजे."

"दिसंल की."

गाडी वळणाआड गेली, तशी सोजराबाई आली. काल अंगणाकडची जागा पुन्हा उघडली होती आणि रस्त्याकडची बुजायची राहिली होती, हे तिने पाहिलं होतं. "भावजी, आता पुरं झालं. ते अंगनाकडचं बुजवा. आजच्या आज."

"बुजवू की."

दोघांनीही फक्त काय बुजवायचं तेवढं सांगितलं होतं. काय उघडं ठेवायचं, ते दोघांनीही गृहीत धरलं होतं. हिंदुरावने बैठक मारून विचार केला असता तर कदाचित त्याच्या लक्षात आलंही असतं. पण त्याला दुपारनंतर आळंदीला जायचं होतं आणि हाताशी एकच गवंडी होता. गवंड्याने अंगणाची बाजू बाहेरून बुजवायला घेतली. रस्त्याची बाजू हिंदुरावने स्वतः आतून घेतली.

भिंत छातीपर्यंत आली असेल, तेवढ्यात शेजारचा दौलतराव आला. त्याने खिडकीतून विचारलं, "ठेकेदार, ही बाहेरची शिडी नेऊ का? मळ्यातल्या खोपटावर चढायचंय."

हिंदुराव वीट बसवत होता. मान न वळवता तो म्हणाला, "न्या की!"

थोड्या वेळाने अंगणाच्या बाजूने गवंड्याचा आवाज आला, "मालक, माझ्या अंगाचं झालं. जाऊ का?"

"जा की!"

हिंदुरावने शेवटची वीट बसवली, थापीच्या दांड्याने ठोकली, ओळंबा लावून पाहिला. भिंत सरळ होती. समाधानाने हात झटकत तो बाहेर जायला वळला. तिथे भिंत होती. पुन्हा वळला. तिथेही भिंत होती. मग तो सावकाश चारी बाजूंना फिरला. वर निळं आभाळ दिसत होतं, कोपऱ्यात पहार पडली होती, समोर गजांची खिडकी होती आणि स्वयंपाकघराच्या जुन्या भिंतीत धूर जायचा एक हातभर झरोका होता.

"वैनी!" त्याने झरोक्यात तोंड घालून हाक मारली. "वैनी, जरा शिडी बघता का?"

सोजराबाई भाकऱ्या थापत होती. तिने झरोक्यातून डोकावलं, मग अंगणातून फिरून आली, मग रस्त्यावरून फिरून आली. पुन्हा झरोक्याशी येऊन म्हणाली, "अगं बया! शिडी तर कुठंच न्हाई. आन् दार कुठंय?"

"बुजवलं की. तुमी म्हनाला तसं."

"आन् रस्त्याकडचं?"

"ते दादा म्हनालं तसं."

सोजराबाई कपाळावर हात मारून घेणार होती, पण हाताला पीठ होतं. "आवो, मग वल्ल्या विटा हायत, ढकला की आतनं!"

"ढकलतो की. कुठल्या ढकलू?"

या प्रश्नाने सोजराबाईचाही हात थांबला. अंगणाकडच्या ढकला म्हणावं, तर तेच दार कायमचं झालं, कोंडाजी जिंकला. रस्त्याकडच्या ढकला म्हणावं, तर मंडईतून दमून आलेला नवरा दारात पाय ठेवायच्या आधीच भडकणार.

"भावजी," ती शेवटी म्हणाली, "मालक येऊंद्यात. त्येंनाच इचारू. तवर तुमी जेवून घ्या."

"घेतो की," हिंदुराव म्हणाला.

तिने गरम भाकरीवर झुणका घातला, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि झरोक्यातून आत सरकवला. हिंदुराव भाकरी हातावर घेऊन रस्त्याकडच्या खिडकीशी, वाऱ्याला जाऊन बसला.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि पाळी सुटली. रस्ता माणसांनी भरून गेला. त्यात मालोजी नावाचा परभणीकडचा एक कामगार होता. स्टेशनजवळ चौघांत मिळून एक खोली घेऊन राहत होता आणि चौघांपैकी एकालाही भाकरी थापता येत नव्हती. त्याने खिडकीत बसून जेवणारा माणूस पाहिला. त्याला झुणक्याचा वास आला. तो थांबला.

"काका, खानावळ हाय काय ही?"

हिंदुरावच्या तोंडात घास होता. त्याने मान डोलावली. घास गिळून म्हणाला, "हाय की."

"भेटंल का जेवायला?"

"भेटंल की." आणि मागे वळून तो ओरडला, "वैनी, आजून एक येऊंद्या!"

भाकरी झरोक्यातून आली आणि आडव्या गजांमधून झुणक्यासकट अलगद बाहेर गेली. मालोजीने उभ्याउभ्या पहिला घास घेतला आणि रस्त्याने जाणाऱ्या आपल्या सोबत्यांना हाक मारली, "अरे, इकडं या रे! घरच्यासारखं हाय!"

मग हिंदुरावला उसंतच मिळाली नाही. कुणी विचारलं, ठेचा आणखी मिळेल का? मिळंल की. कांदा? देतो की. चार भाकऱ्या बांधून न्यायच्या आहेत. न्या की. झरोक्याच्या अलीकडे सोजराबाई भाकऱ्या सरकवत होती आणि चकित होत होती.

"भावजी, माणसाचं पोट हाय का कनगी?"

"आजून दोन, वैनी!"

शेवटी तिला राहवलं नाही. तव्यावरची भाकरी उतरवून ती अंगणातून रस्त्याकडे बघायला आली आणि कोपऱ्यावरच थबकली. खिडकीपासून चिंचेच्या झाडापर्यंत माणसांची रांग लागली होती. काही जण झाडाखाली उकिडवे बसून जेवत होते. खिडकीच्या कठड्यावर कुणीकुणी पैसे ठेवत होतं आणि हिंदुराव ते मोजायच्या भानगडीत न पडता बाजूला सारत होता. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग पदर खोचला, आत गेली, चुलीत दोन लाकडं जास्तीची सारली आणि परातीत पीठ ओतलं.

कोंडाजीची गाडी वळणावर आली, तेव्हा त्याला लांबूनच आपल्या घरासमोर गर्दी दिसली.

गावात एखाद्या घरासमोर भर दुपारी अशी माणसं जमतात, ती एकाच कारणाने. सकाळी निघताना कोंडाजी सोजराबाईशी बोलला नव्हता. काल नाही, परवा नाही. गेले कित्येक दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि तेही एका दारासाठी. त्याने बैल तिथेच सोडून दिले आणि धोतर सावरत तो धावत सुटला.

"सोजरे!" तो ओरडला. "अगं सोजरे!"

गर्दीत शिरून तो खिडकीकडे जाऊ लागला, तोच एका धिप्पाड माणसाने त्याच्या दंडाला धरलं.

"ओ पावणं! रांगेनं या की. आमी काय मघापास्नं गंमत म्हनून हुबं हाओत?"

"आरं सोड, माझं घर हाय हे!"

"सगळ्यांलाच घरच्यासारखं वाटू लालं, काका," मागून मालोजी हसून म्हणाला. "म्हणून काय पुढं घुसायचं?"

कोंडाजीने टाचा उंच करून खिडकीकडे पाहिलं. गजांच्या आड हिंदुराव होता. मुंडाशावर विटांचा भुगा, हातात भाकरी.

"हिंदुराव! आत काय करताय?"

"वाढतोय की," हिंदुराव म्हणाला.

"आन् सोजरा? सोजरा कुठं हाय?"

"भाकऱ्या भाजत्यात."

कोंडाजी गर्दीतून मागे सरला. तो चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसला. रागवायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याच्या घरात अन्न विकलं जात होतं, तेही भर रस्त्यावर, तेही ठेकेदाराच्या हातून. पण घटकेपूर्वी ज्या बायकोसाठी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ती जिवंत होती आणि भाकऱ्या भाजत होती, म्हटल्यावर राग यायलाच तयार होईना.

मालोजी शेजारी येऊन टेकला. या म्हाताऱ्याला रांगेतून ओढून काढल्याचं त्याला वाईट वाटलं असावं. आपल्या हातावरची भाकरी मोडून अर्धी त्याने कोंडाजीपुढे धरली.

"घ्या, काका. भुकेले दिसू लालाव. तुमचा नंबर येईस्तोवर संपंल बहुतेक."

"तुजी तू खा की, बाबा."

"घ्या हो. अन्नाला काय मोजायचं? पहिल्यांदाच आलाव का इथं? लय चांगली करत्यात बाई."

कोंडाजीने अर्धी भाकरी घेतली. लग्न झाल्यापासून रोज हीच भाकरी तो खात आला होता. खाता खाता बैलांचा, पाण्याचा, मंडईतल्या भावाचा विचार करत आला होता. आज पहिल्यांदाच तो कुणाचा तरी पाहुणा म्हणून ती खात होता. शेजारी मालोजी डोळे बारीक करून, बोटं चाटून जेवत होता.

"कसंय?" मालोजीने विचारलं.

"चांगलं हाय," कोंडाजी म्हणाला. आणि त्यानेही बोटं चाटली. ठेचा तिखट होता.

एवढ्यात खिडकीशी गडबड उडाली. पीठ संपलं होतं. रांगेत अजून माणसं होती. हिंदुरावच्या कपाळावर घाम आला. आता 'न्हाई' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "उद्या या की!"

"नक्की?"

"नक्की की!"

माणसं पांगली. कोंडाजीने बैल पकडून आणले, बांधले आणि तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. सोजराबाई रिकाम्या परातीसमोर बसली होती. कोपरापर्यंत पीठ, चेहरा चुलीच्या धगीने लाल. आता काय ऐकावं लागणार याची वाट बघत तिने मान खाली घातली.

"पीठ संपलं म्हनं," कोंडाजी म्हणाला.

"व्हय."

"मग उद्याला?"

सोजराबाईने मान वर केली. तो थट्टा करत नव्हता. थट्टा करायची त्याला सवयच नव्हती.

"उद्या भाकरीला मानसं येनार," कोंडाजी खाकरून म्हणाला. "हिंदुरावनं शब्द दिलाय. आपल्या घरनं दिल्याला शब्द हाय. दार... दार रस्त्याकडंच ठेवू."

सोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पिठाच्या हातानेच पुसलं. मग जरा विचार करून ती म्हणाली, "नगं."

"काय नगं?"

"रस्त्याकडं दार नगं. दार ठिवलं तर मानसं आत येतील, जेवतील आन् तितंच लवंडतील. खिडकीच बेस. दार अंगनाकडं ठिवा. तुमी म्हनत होता तसं."

"आसं कसं?" कोंडाजीचा आवाज चढला. "खिडकीतनं भिक्षा घालत्यात. जेवनारा मानूस पाटावर बसला पायजे! दार रस्त्याकडंच!"

"आवो, तुमालाच अंगनाकडं पायजे हुतं न्हवं?"

"तवा पायजे हुतं. आता न्हाई!"

"आता मला पायजे!"

"हिंदुराव!" कोंडाजी झरोक्याकडे वळून गरजला. "दार रस्त्याकडं काढा!"

"भावजी!" सोजराबाई ओरडली. "अंगनाकडं!"

झरोक्यातून उत्तर आलं नाही. मग भिंतीच्या पलीकडे पहारीचा पहिला दणका बसला. दुसऱ्या दणक्याला झरोक्याची कड ढासळली. फळीवरची दोन गाडगी खाली आली, मातीची ढेकळं चुलीपर्यंत गडगडली आणि धुरळ्यातून आधी पहार, मग मुंडासं आणि मग अख्खा हिंदुराव स्वयंपाकघरात आला.

"आरं, ही भिंत का फोडली?" कोंडाजीने विचारलं.

"तिच्याबद्दल मला कुनीच काय सांगितलं न्हवतं," हिंदुराव म्हणाला. आणि दोघांपैकी कुणी काही बोलायच्या आत सायकल काढून तो आळंदीच्या वाटेला लागला.

धुरळा खाली बसल्यावर नवरा-बायकोने त्या भगदाडातून पलीकडे पाहिलं. चुलीपासून खिडकीपर्यंत आता सरळ वाट झाली होती. सोजराबाई भगदाडातून नव्या खोलीत गेली, खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली. "वाढाय बरं पडंल," ती म्हणाली. कोंडाजी ढेकळं उचलू लागला. बाहेरचं दार कुठल्या अंगाला, हे भांडण त्यांनी उद्यावर टाकलं. आणि भांडण उद्यावर टाकायचं म्हणजे उद्याही बोलायचं, हे दोघांच्याही मनात येऊन गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पिठाची गिरणी उघडली, तेव्हा ओट्यावर कोंडाजी जोंधळ्याच्या पोत्याला टेकून बसला होता. दळण घेऊन आलेला पुरुष, तोही कोंडाजीसारखा, आणि तेही एवढं दळण बघून गिरणीवाल्याला नवल वाटलं.

"काय कोंडाजी, लेकी म्हायेराला आल्यात वाटतं?"

"न्हाई. पावणे येनार हायत."

"कुठलं पावणं?"

"परभनीकडचं हायत, साताऱ्याकडचं हायत. कोकनातला बी एक हाय."

"आरं वा! लांबलांबचं हायत की. नात्यातलं कोन लागत्यात?"

पोतं गिरणीकडे सरकवत कोंडाजी म्हणाला, "आजून नावं कळायची हायत. तू बारीक दळ."